‘घरीच तर आहेस!’ : घरून काम आणि कामावरचं लक्ष

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला जो विषय दिला तो असा : घरून काम करताना एकाग्रता कशी टिकवायची आणि ठरवलेलं काम वेळेत कसं उरकायचं. फोनवर विषय सांगताना त्यांनी असंही सांगितलं की मुलांना काही ‘टिप्स’ हव्या आहेत. टिप्स मी देईन. पण टिप्स इंटरनेटवर ढिगाने मिळतात आणि त्यातल्या बहुतेक अशा माणसाने लिहिलेल्या असतात ज्याच्याकडे वेगळी खोली आहे, दार लावता येतं आणि दाराबाहेर त्याचा स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत असतं. आपल्यातल्या किती जणांकडे असं घर आहे? हात वर करायला सांगत नाही, मला अंदाज आहे. म्हणून मी आपल्या घरांपासून सुरुवात करणार आहे.

आधी माझी ओळख. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पदवीनंतर पुण्यात नोकरी लागली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही मिरजेला सासरी आलो आणि इथलेच झालो. कंपनी पुण्यातली, मी मिरजेत. घरात सासू-सासरे, नवरा, चौथीतली मुलगी आणि बालवाडीतला मुलगा. नवरा एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्याला रोज बाहेर जावं लागतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि वर पत्र्याची गच्ची. ऑफिस म्हणजे गोदरेजच्या कपाटामागचा साडेतीन फुटांचा कोपरा. इतक्या वर्षांत तिथूनच मी पगार मिळवला आहे, दोन बढत्याही घेतल्या आहेत.

घरून काम ही करोनाने आणलेली नवी गोष्ट आहे असं आपण बोलतो. ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द अमेरिकेत १९७३ मध्ये जॅक नाइल्स नावाच्या अभियंत्याने रूढ केला, म्हणजे कल्पना जुनीच. आपल्याकडे २०२० पर्यंत कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना लोकांकडून घरून काम करून घ्यायचं तर दूरसंचार खात्याच्या बऱ्याच अटी पाळाव्या लागत. त्या नोव्हेंबर २०२० मध्ये सैल झाल्या. पण खरं सांगायचं तर आपल्या मोहल्ल्यांना हे शिकवायला अमेरिकेची गरज नव्हती. मालेगाव-भिवंडीत घराला लागून यंत्रमाग खडखडत असतात. किती घरांत बायका विड्या वळतात, साड्यांना टिकल्या-खडे लावतात, शर्टांची काजं-बटणं करतात. हे सगळं घरून केलेलं कामच. फरक इतकाच की आमच्या कामाला ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणतात, पगाराची पावती मिळते, आणि त्यांच्या कामाला ‘बसल्या बसल्या चार पैसे’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी एक करार केला, क्रमांक १७७. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. हे इथे का सांगते? कारण घरात केलेल्या कामाला काम न मानण्याची सवय खूप जुनी आहे. तुमच्याकडे लॅपटॉप आला म्हणून ती सवय जात नाही. ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य विडीवालीने ऐकलं, तेच मी ऐकते.

आता लक्षाकडे येते. एकाग्रता म्हणजे दात-ओठ खाऊन बसणं असं आपल्याला शाळेपासून वाटतं. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुमच्या वाचनात आलं असेल. तिथे कारागीर जवारी काढताना एकदा जरूर बघा. जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा वरचा भाग किंचित घासून असा करायचा की तार छेडल्यावर स्वर नुसता न निघता झंकारत राहील. कारागीर थोडं घासतो, तार छेडतो, कान देतो, परत घासतो. एक घास जास्त झाला की सगळं नव्याने. दुकान घरातच असतं, मुलंबाळं असतात, रस्त्यावरून रिक्षा जातात. पण तो जवारी काढायला बसला की घरातलं कुणीही त्याला हाक मारत नाही. त्याला कुणी एकाग्रतेवर पुस्तक दिलेलं नाही. त्या घराला माहीत आहे की या तासात हाक मारली तर नुकसान होतं. कारागिराच्या निग्रहाइतकाच तो घराच्या शिस्तीचा भाग आहे.

कोड लिहिणं पुष्कळसं तसंच असतं. एखादा बग शोधताना माझ्या डोक्यात एक साखळी उभी असते : ही माहिती इथून आली, या फंक्शनमध्ये गेली, तिथे तिचं रूप बदललं, मग डेटाबेसमध्ये अशी लिहिली गेली. सात-आठ दुवे एका वेळी धरून ठेवावे लागतात. त्यात कुणी विचारलं, ‘भाभी, कोथिंबीर घ्यायची का?’ तर प्रश्न दोन सेकंदांचा, उत्तरही दोन सेकंदांचं. पण दुवे सुटतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसातल्या लोकांमागे घड्याळ घेऊन बसून निरीक्षणं केली. मोडलेलं काम त्याच दिवशी पुन्हा हातात घेतलं गेलं तरी मधे सरासरी २३ मिनिटांहून जास्त वेळ जायचा, कारण माणूस थेट परत येत नाही, मधे आणखी एकदोन कामांत अडकतो. त्याच निरीक्षणांत दुसरी एक गोष्ट दिसली, ती आपल्याला कमी आवडेल. जवळपास निम्म्या वेळा व्यत्यय आणणारा दुसरा कुणी नव्हताच, माणूस स्वतःच काम सोडून दुसरीकडे जात होता. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की आधीच्या कामाचा काही अंश मनात मागे राहतो आणि नव्या कामाला मन पुरतं मिळत नाही. पहिलं काम अर्धवट सोडलं असेल तर हे जास्तच.

म्हणजे दोन शत्रू झाले. एक बाहेरून हाक मारणारा, एक आतून. आतल्याचं नंतर बघू. बाहेरच्याबद्दल आपल्या समाजात नीट बोललं जात नाही, म्हणून त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि यात ‘करणारे’ हा शब्द नीट ऐका : दिवसभरात काहीतरी घरकाम केलं असं सांगणाऱ्या बायका १०० पैकी ८१ होत्या, पुरुष २६. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली. मुलं हसताहेत, त्यांना वाटतंय पुरुषांची वाढली असतील. पुरुषांची ८८ झाली.

२९९ मिनिटं म्हणजे पाच तास. हे पाच तास तुमच्या आठ तासांच्या नोकरीच्या आधी आणि नंतर येतात असं कागदावर दिसतं. घरून काम करताना ते आत घुसतात. दूध उतू जातं तेव्हा तुम्ही ‘घरी’ असता. गॅस सिलिंडरवाला येतो तेव्हा तुम्ही घरी असता. नणंदेच्या सासरची माणसं अचानक आली की तुम्ही तर घरीच असता. माझ्याच टीममधला एक मुलगा पुण्यात एकटा राहून घरून काम करतो. आम्ही दोघंही ‘वर्क फ्रॉम होम’. शब्द एक आहे, पण नोकऱ्या दोन वेगळ्या आहेत. तेव्हा ‘मनावर ताबा ठेवा, पहाटे उठा’ हा सल्ला जेव्हा एखाद्या मुलीला दिला जातो, तेव्हा आधी विचारायला हवं की ती पहाटे उठून काय करते. बहुतेक वेळा ती आधीच उठलेली असते.

आमच्या घरात हे कसं सुटलं ते सांगते. फार नाट्यमय काही नाही. एका रविवारी जेवण झाल्यावर दस्तरख्वान उचलायच्या आधी मी एक वही काढली. सगळे बसलेलेच होते. वहीत सोमवार ते शुक्रवार सकाळी पाच ते रात्री दहा अशा चौकटी आखल्या होत्या. माझ्या कामाच्या चौकटी मी आधी भरल्या होत्या, बाकीच्या रिकाम्या. मग विचारलं, यात कोण कुठे आहे? सासऱ्यांना आम्ही अब्बा म्हणतो. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यामुळे ड्युटीचा तक्ता ही गोष्ट त्यांना लगेच कळली. त्यांनी दोन्ही मुलांना शाळेत नेणं-आणणं घेतलं. नवऱ्याने सकाळचा नाश्ता आणि डबे घेतले. सुरुवातीचे तीन आठवडे आम्ही सगळ्यांनी रोज उपमा खाल्ला. अम्मींचा, म्हणजे सासूबाईंचा, प्रश्न वेगळा होता. त्या म्हणाल्या, ‘तू स्क्रीनकडे बघत बसतेस, मला कसं कळायचं तू काम करतेस की नुसती बघतेस?’ हसू नका, प्रश्न अगदी बरोबर आहे. शिवणयंत्राचा आवाज येतो, यंत्रमागाचा येतो. विचार करण्याचा आवाज येत नाही.

त्यातून लाल ओढणी आली. कपाटाच्या हँडलला मी लाल ओढणी बांधते. ओढणी बांधलेली असेल तेव्हा हाक मारायची नाही. अपवाद तीन : कुणी पडलं, काही पेटलं, किंवा शाळेतून फोन आला. ओढणी सोडली की काहीही विचारा. दिवसात दोनदा बांधते, प्रत्येकी दीड ते दोन तास. त्याहून जास्त नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण दिवसभर ओढणी बांधून ठेवली तर चौथ्या दिवशी तिला कुणी विचारणार नाही. घरच्यांना जेव्हा माहीत असतं की अकरा वाजता ओढणी सुटणार आहे, तेव्हा कोथिंबीर अकरापर्यंत थांबते. माझा मुलगा तर आता स्वतः चित्र काढताना खुर्चीला फडकं बांधून बसतो.

एक सांगते, हे पहिल्याच दिवशी जमलं नाही. अम्मींच्या मैत्रिणी यायच्या, आणि सून कपाटामागून बाहेर येत नाही हे त्यांना अपमानासारखं वाटायचं. अम्मींनीच एकदा उत्तर दिलं, ‘ती ड्युटीवर आहे.’ ‘ड्युटी’ हा शब्द आपल्या घरांत चालतो. ‘मी ऑनलाइन आहे’ म्हटलं तर लोकांना वाटतं व्हॉट्सअॅपवर आहे. तुमच्या घरात कुठला शब्द चालतो तो शोधा.

मुलग्यांनो, तुम्हाला वाटत असेल हा विषय आपला नाही. तुमच्या घरी तुम्ही पोलीस भरतीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असता तेव्हा टीव्हीचा आवाज कमी होतो ना? चहा जागेवर येतो ना? तीच शांतता तुमची बहीण कोडिंगचा कोर्स करत असताना असते का, हे आज घरी गेल्यावर बघा. आणि ज्या मुलग्यांना घरून नोकरी आहे त्यांची तक्रारही मला माहीत आहे. मित्र खालून हॉर्न वाजवतात, ‘दहा मिनिटं चल, कुठे ऑफिसला जायचंय तुला?’ तुम्हालाही ओढणी लागेल, रंग कुठला ते तुम्ही ठरवा.

जागेचं थोडक्यात. तोंड भिंतीकडे, पाठ घराकडे; नजरेसमोर माणसं फिरत असली की मन त्यांच्यामागे जातं. पलंगावर बसून काम करू नका, पाठ जाते आणि झोप येते. राउटरला स्वतंत्र छोटा बॅकअप घ्या, तो घरच्या इन्व्हर्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. वीज गेली म्हणून मिटिंगमधून गायब झालात तर पलीकडच्या माणसाला वीज दिसत नाही, तुम्ही गायब झालेले दिसता. आवाजाचं म्हणाल तर आमच्याकडे गणपतीचा डीजे असतो, उरुसाचा लाउडस्पीकर असतो. आवाज सर्वधर्मीय आहे. कान झाकणारे साधे हेडफोन घ्या आणि त्या आठवड्यात अवघड काम सकाळी ठेवा.

वेळेचं मात्र सविस्तर बोलायला हवं. दिवसाचे सगळे तास सारखे नसतात. माझा सर्वांत चांगला वेळ फजरनंतरचा आहे. साडेपाच ते साडेसात. घर शांत, फोन शांत, कंपनीतलं कुणी जागं नाही. जे काम करायला मन नको म्हणतं तेच मी तेव्हा घेते. दुसरी बैठक साडेनऊ ते अकरा. दुपारी दोन ते चार या वेळेत माझ्याकडून विचार होत नाही हे मी मान्य करून टाकलं आहे, तेव्हा मेल, टाइमशीट, दुसऱ्याचा कोड तपासणं. तुमचा चांगला वेळ रात्रीचा असेल. दोन आठवडे दर तासाला वहीत एक आकडा लिहा, एक ते पाच, मन किती लागलं. चित्र आपोआप दिसेल.

रमजानमध्ये हे सगळं बदलतं आणि ते बदलू द्यावं. सहरीनंतरचे दोन तास माझ्यासाठी वर्षातले सर्वांत चांगले असतात. पण दुपारनंतर अवघड काम मी ठेवत नाही. एका वर्षी आमच्या टीमची रोजची मिटिंग संध्याकाळी साडेसहाला लागली होती. ऐन इफ्तारीची वेळ. अनेक मुलंमुली अशा वेळी दोन गोष्टी करतात : गुपचूप कॅमेरा बंद करून खजूर तोंडात टाकतात, किंवा मनात कुढतात. मी रमजान सुरू व्हायच्या आठवडाभर आधी टीम लीडला चार ओळी लिहिल्या : या महिन्यात सव्वासहा ते साडेसात मी उपलब्ध नसेन, पहाटे साडेपाचपासून असेन, माझ्याकडे या महिन्यात ही तीन कामं आहेत आणि ती या तारखांना होतील. त्यात विनवणी नव्हती, धर्माचं स्पष्टीकरण नव्हतं. मिटिंग पाचला आली आणि नंतरही पाचलाच राहिली, कारण लहान मुलं असलेल्या बाकीच्यांनाही साडेसहा नकोच होतं. त्यांनी कुणी तोवर लिहिलं नव्हतं एवढंच. सवलत मागण्यापेक्षा वेळापत्रक देणं चांगलं, असा माझा अनुभव आहे.

आता आतला शत्रू. तो फोनमध्ये राहतो. आमच्या खानदानाचा एक व्हॉट्सअॅप गट आहे, त्यात सत्तरच्या वर माणसं आहेत आणि सकाळी सातला ‘सुबह बखैर’चे गुलाब सुरू होतात. गट सोडता येत नाही, सोडला तर फूफीचा फोन येतो. म्हणून ओढणी बांधली की फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवते, रिंगचा आवाज चालू, बाकी सगळं बंद. खिशातला फोन आणि पिठाच्या डब्यावरचा फोन यांत दहा पावलांचा फरक आहे, पण ती दहा पावलं पुरतात. हात आपोआप जातो, पाय आपोआप जात नाहीत.

पोमोडोरो नावाची पद्धत तुम्ही ऐकली असेल. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती काढली; टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. पद्धत चांगली आहे, पण सगळ्याला नाही. कंटाळवाण्या कामाला, अभ्यासाला, फॉर्म भरायला उत्तम. कोड लिहिताना २५ मिनिटांत माझे ते सात-आठ दुवे जेमतेम जुळतात आणि घंटा वाजते. मी ५० मिनिटं लावते. कुणी इन्फ्लुएन्सर सांगतो म्हणून टोमॅटोचे गुलाम होऊ नका.

याहून उपयोगी सवय म्हणजे काम थांबवण्याची. ओढणी सोडायच्या आधीची शेवटची पाच मिनिटं मी लिहिण्यात घालवते : काय झालं, कुठे अडलं, परत बसले की पहिली ओळ कुठली. सोफी लेरॉय यांनीच नंतरच्या एका संशोधनात दाखवलं की काम मोडताना परत कुठून सुरू करायचं याची छोटी नोंद केली तर पुढच्या कामात मन जास्त लागतं. मला ते कळायच्या आधी आमच्या अब्बांकडून कळलं होतं. वर्कशॉपमध्ये पाळी संपताना अर्धवट इंजिनावर खडूने लिहून ठेवायचे, कुठले नट आवळलेत आणि कुठले नाहीत. पुढच्या पाळीचा माणूस वेगळा असायचा. घरून काम करणारीला पुढच्या पाळीला स्वतःच यायचं असतं, पण मधे तिने मुलाला आंघोळ घातलेली असते, डाळीला फोडणी दिलेली असते. ती वेगळी बाईच असते म्हणा ना. तिच्यासाठी खडूने लिहून ठेवायचं.

आणि दिवस संपला पाहिजे. घरून काम करणाऱ्यांचा दिवस संपत नाही ही मोठी अडचण आहे. यावर एक नीट केलेला प्रयोग आहे. निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत तो केला, २०१०-११ मध्ये. ज्यांनी तयारी दाखवली अशा सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसात. नऊ महिन्यांनी घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी जास्त भरलं. हा आकडा सगळीकडे सांगतात. पुढचं कमी सांगतात. त्या १३ पैकी ९ टक्के निव्वळ जास्त मिनिटं काम केल्यामुळे होते. मधल्या सुट्ट्या कमी, आजारी रजा कमी. फक्त ४ टक्के मिनिटामागे जास्त काम झाल्यामुळे. दुसरं, या प्रयोगात भाग घ्यायची एक अट होती : घरात कामासाठी स्वतंत्र खोली हवी. तिसरं, सारख्याच दर्जाचं काम केलं तरी घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि चौथं, प्रयोग संपल्यावर त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांनी ऑफिसात परत जाणं पसंत केलं, एकटेपणामुळे.

म्हणून मी साडेसहाला लॅपटॉप बॅगेत घालते आणि बॅग कपाटात ठेवून कुलूप लावते. नुसता मिटून टेबलावर ठेवला तर रात्री दहाला तो बघत राहतो. आणि बढतीचं म्हणाल तर तिथे न दिसण्याची किंमत असते, ती लिहून भरून काढावी लागते. रोज संध्याकाळी टीमच्या चॅनेलवर तीन ओळी : काय केलं, काय अडलं, उद्या काय. जे काम मी केलं त्याला माझं नाव लागलं पाहिजे. महिन्यातून एकदा मी पुण्याला जाते. मिरजेहून पहाटेची गाडी पकडते, दुसऱ्या दिवशी परत. त्या एका दिवसात कॅन्टीनमध्ये जे कळतं ते महिन्याभराच्या मिटिंगमध्ये कळत नाही.

यातूनच मला सर्वांत जास्त सांगायची होती ती गोष्ट निघते. मला ओळखीतल्या लोकांचे फोन येतात. ‘बेटी हुशार आहे, कॉम्प्युटर झालंय, तिला घरातून करता येईल असं काहीतरी सांगा.’ लॉकडाऊनच्या आधी हेच आईवडील नोकरीच नको म्हणायचे, त्यामुळे ही पुढची पायरी आहे हे मी मानते. घरून काम आलं म्हणून कितीतरी मुलींच्या हातात पहिल्यांदा पगार आला. पण मी त्या फोनवर नेहमी सांगते की शक्य असेल तर तिला पहिली दोन वर्षं ऑफिसात पाठवा. मी जे काही शिकले ते पुण्यात एका सीनिअर बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून शिकले. त्या कीबोर्डवर काय करतात ते बघत होते, अडलं की वळून विचारत होते. कपाटामागे बसून पहिल्या दिवसापासून कुणी शिकत नाही, फक्त दिलेलं काम करत राहतं आणि पाच वर्षांनीही तेच करत राहतं. ‘घरून असेल तरच नोकरी’ ही अट मुलीच्या सोयीसाठी आहे की घराच्या सोयीसाठी, एवढा प्रश्न आईवडिलांनी एकमेकांना विचारावा. पूर्वी उंबरठ्याच्या आत विड्यांचं सूप होतं. आता लॅपटॉप आहे. उंबरठा हलला का?

ज्यांना खरोखर दुसरा मार्ग नाही, गाव लहान आहे, घरी आजारी माणूस आहे, त्यांनी घरूनच सुरुवात करावी, जरूर करावी. पण पगार स्वतःच्या नावाच्या खात्यात यावा आणि त्याचं कार्ड स्वतःजवळ असावं. लॅपटॉप भावाच्या गेमसाठी वाटून घेतलेला नसावा.

आणि सावध राहा. ‘घरबसल्या डेटा एंट्री, महिना तीस हजार’ अशा जाहिराती तुमच्या फोनवर येतात. आधी नोंदणीचे पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नसते. एक प्रकार असा चालतो की शेकडो पानं टाइप करायला देतात, मग चुका जास्त निघाल्या म्हणून करारभंगाची नोटीस पाठवतात, वकिलाच्या नावाने फोन येतात, मुली घाबरून पैसे भरतात. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा : व्हिडिओला लाइक करा, दीडशे रुपये घ्या, ते खरंच मिळतात, आणि मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात. फसवणूक झाली तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ताबडतोब फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आणि घरी सांगा. घरी सांगायला मुली घाबरतात कारण त्यांना वाटतं लॅपटॉप काढून घेतील. आईवडील इथे असतील तर त्यांनी आजच सांगून ठेवावं की काढून घेणार नाही.

माझी वही मी सोबत आणली आहे, तीच चौकटींची. त्याचे तीस-चाळीस कोरे झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवलेत, एकेक घ्या. घरी नेऊन रविवारी जेवणानंतर भरा, एकट्याने बसून भरू नका. आणि आता प्रश्नांची वेळ आहे. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींकडून येऊ दे, तुम्ही मघापासून आपसांत काहीतरी बोलताय.